सुट्टीतली वही

महाराष्ट्रात पदवीच्या अभ्यासक्रमात आता क्षेत्रप्रकल्पाला आणि समाजसहभागाला श्रेयांक आहेत. म्हणून गेल्या उन्हाळ्यात ईटच्या परिसरातील माझे विद्यार्थी वह्या घेऊन वस्त्यांत गेले. जूनमध्ये अनुभव सांगायला बसले, तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, फील्ड म्हणून मी गेले ती आमचीच गल्ली होती."

तिचा हा पेच जुना आहे. मुंबईत 1936 पासून टाटांची संस्था समाजकार्य शिकवीत होती. तिचा विद्यार्थी वस्तीत जात असे. 1950 साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबादेत महाविद्यालय काढले, पुढे त्याचेच नाव मिलिंद झाले. तिथला दलित विद्यार्थी सुट्टीत वस्तीत परत जात असे. या दोन क्रियापदांत सगळा फरक आहे. 1955 साली अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा आला. तो वाचता येणारा घरात हा एकच. पण तक्रार लिहायची कोणाविरुद्ध? ज्याच्या शेतावर बाप सालगडी, त्याच्याविरुद्ध! सुट्टी संपली की मुलगा वसतिगृहात जाणार, बाप मात्र तिथेच राहणार.

1972 च्या सुमारास डॉ. बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम काढली. गावोगाव विचारायचा प्रश्न साधा होता. मात्र तो कोणासमोर विचारला यावर उत्तर बदलते, हे खेड्यात वाढलेल्याला सांगावे लागत नाही. पुढे 27 जुलै 1978 रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. अत्याचारविरोधी समितीने गावे फिरून माहिती गोळा केली. 1979 साली तिचा अहवाल इंग्रजी साप्ताहिकात छापून आला. काम मोलाचे होते, यात शंका नाही. पण ज्यांची घरे जळाली त्यांच्यापैकी किती जणांना तो वाचता आला असेल?

आज अहवाल मराठीत लिहितात, आणि लिहिणारा त्याच वस्तीचा असतो. अडते ते दुसरीकडेच. शेवटी प्रमाणपत्र लागते, आणि ज्याच्या कारभाराविषयी लिहायचे त्याचाच शिक्का त्यावर लागतो. आमच्या एका मुलाने नळाच्या पाण्याच्या पाळ्या टिपल्या होत्या : गावात दोन दिवसांआड, वस्तीत पाच दिवसांआड. सही करणाऱ्याने तेवढे पान काढायला सांगितले. त्याने काढले. मीही काढू दिले. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. वर्ष बुडणे म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण हे कारण मी त्याला सांगितले, तेव्हा माझा आवाज मलाच त्या सही करणाऱ्यासारखा वाटला.

ते पान माझ्याजवळ आहे. दिवाळीनंतर मुलगा आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला. परत आलो की पान घेऊन जाईन, म्हणाला आहे.