पदवी, व्यायामशाळा आणि रंगमंच : अमेरिकेतील आधुनिक नृत्याच्या उपजीविकेचा इतिहास

अमेरिकेत नृत्य हा मुख्य विषय असलेला पहिला पदवी अभ्यासक्रम १९२६ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात सुरू झाला, तो कलाशाखेत नव्हे, तर स्त्रियांच्या शारीरिक शिक्षण विभागात. आणि तो उभारणाऱ्या मार्गारेट एच’डब्लर या जीवशास्त्र शिकलेल्या, बास्केटबॉलचे प्रशिक्षण देणाऱ्या शिक्षिका होत्या, व्यावसायिक नर्तिका नव्हत्या. विद्यार्थिनींनी रंगमंचावर उतरावे असा त्या अभ्यासक्रमाचा हेतूच नव्हता. त्यातून शिक्षिका घडाव्यात, एवढीच अपेक्षा होती. पुढच्या पिढ्यांतील पदवीधरांच्या अनेक अडचणींचे मूळ या आरंभात आहे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्था ग्रॅहम यांनी न्यूयॉर्कमध्ये आपला पहिला स्वतंत्र कार्यक्रम केला. बॅलेचे ठरीव पदन्यास आणि चवड्यांच्या टोकांवरचा तोल नाकारून धड, श्वास व शरीराचे वजन यांतून हालचाल शोधणारी जी परंपरा ‘आधुनिक नृत्य’ म्हणून ओळखली जाते, तिच्या त्या अग्रणी ठरल्या. श्वास सोडताना ओटीपोट आत खेचून कणा वाकवायचा आणि श्वास घेताना तो मोकळा करायचा, हे आकुंचन-विमोचनाचे तत्त्व त्यांच्या पद्धतीचा गाभा होते. या नव्या कलेला राजाश्रय नव्हता आणि तिकीटविक्रीवर तर तिचे भागणेच शक्य नव्हते. ग्रॅहम स्वतः आधी ‘रेव्ह्यू’ म्हणजे नाच-गाण्यांच्या व्यावसायिक कार्यक्रमांत नाचत होत्या आणि पुढे शिकवण्या करीत राहिल्या, तर त्यांच्या गटातील मुली दिवसा इतर नोकऱ्या करून संध्याकाळी तालमींना येत.

हे दोन प्रवाह १९३४ साली व्हरमाँटमधील बेनिंग्टन महाविद्यालयाच्या उन्हाळी नृत्यशाळेत एकत्र आले. मार्था हिल यांच्या संचालनाखालील या शाळेत येणाऱ्यांत शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकांचा मोठा भरणा असे. सुट्टीत ग्रॅहम, डोरिस हम्फ्री, चार्ल्स वाइडमन आणि हान्या होम यांच्याकडे शिकून त्या आपापल्या महाविद्यालयांत परतत आणि मग याच गुरूंच्या संस्थांना तेथे कार्यक्रमांसाठी बोलावीत. प्रयोग बहुतेक वेळा व्यायामशाळेतच होत, म्हणून या दौऱ्यांना ‘जिम्नॅशियम सर्किट’ असे नाव पडले. न्यूयॉर्कच्या कलावंतांची चूल अशा प्रकारे शिक्षिकांनी पेटती ठेवली, ही गोष्ट नृत्याच्या इतिहासात ठळकपणे मांडली जायला हवी.

१९५१ साली मार्था हिल यांच्याच नेतृत्वाखाली न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या संगीतविद्यालयात नृत्यविभाग सुरू झाला आणि पदवीला रंगमंचाची दिशा मिळाली. पण पदवीधरांना सामावून घेतील इतक्या संस्था होत्याच कुठे? नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम यांची १९५३ साली स्थापन झालेली नृत्यसंस्था फोक्सवॅगनच्या एका छोट्या बसमधून दौरे करी, आणि ती बस संगीतकार जॉन केज यांनी इटालियन दूरदर्शनवरील प्रश्नमंजूषेत अळिंबांविषयीच्या प्रश्नांना उत्तरे देऊन जिंकलेल्या पैशांतून आली होती. नृत्याच्या अर्थव्यवस्थेत अळिंबांना स्थान मिळावे, यातच तिची अवस्था कळते. १९६३ साली फोर्ड फाउंडेशनने सुमारे ७७ लाख डॉलर दिले ते बॅलेला. आधुनिक नृत्याच्या वाट्याला काहीच आले नाही.

१९६५ साली राष्ट्रीय कलानिधी स्थापन झाल्यावर चित्र पालटले. दौऱ्यांना सरकारी अनुदान मिळू लागले, प्रेक्षक वाढले, आणि विद्यापीठांतील नृत्यविभाग शारीरिक शिक्षणापासून वेगळे होऊन कलाशाखेत गेले. पदवीधरांची संख्याही वाढत गेली, मात्र बारमाही पगाराच्या जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. त्यामुळे एखाद्या निर्मितीपुरते नर्तक जमवायचे, काही आठवड्यांचे मानधन द्यायचे आणि प्रयोग संपताच पांगायचे, ही पद्धत रूढ झाली. मधल्या काळात योग वा पिलाटीस शिकवून घरभाडे भागवायचे आणि विद्यापीठात कायम जागा हवी असेल तर पुन्हा पदव्युत्तर पदवी घ्यायची, हा क्रम अनेकांच्या वाट्याला येऊ लागला.

नर्तकाचे शरीर साथ देते ती वर्षेही थोडीच असतात. २००९ साली कनिंगहॅम यांच्या निधनापूर्वी जाहीर झालेल्या योजनेनुसार त्यांची संस्था अखेरच्या जागतिक दौऱ्यानंतर २०११च्या अखेरीस विसर्जित झाली, तेव्हा नृत्यकृतींच्या जतनाबरोबरच नर्तकांना भरपाई आणि नव्या व्यवसायाकडे वळण्यासाठी आर्थिक साहाय्य देण्याची तरतूदही त्याच योजनेत होती.