पक्षाघात: रक्तातल्या पेशी मेंदूला वाचवतात का?

मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, की उपचाराविना दर मिनिटाला अंदाजे १९ लाख चेतापेशी मरतात. पाठोपाठ रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे पोहोचतात. त्यातल्या न्यूट्रोफिल पेशी बहुधा सूज वाढवून नुकसानात भर घालतात. नियामक टी पेशी मात्र उलट वागतात: इंटरल्युकिन-१० सोडून त्या ही सूज आवरतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांमधून या पेशी कमी केल्यावर मेंदूची इजा वाढली होती.

माणसांत गोष्ट इतकी सरळ नाही. भारतातल्या पाच केंद्रांवर १२० रुग्णांची चाचणी झाली. एका गटाला त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून दिल्या. २०१४ मध्ये निकाल आला: उपचार सुरक्षित, पण फायदा दिसला नाही. त्यामुळे ‘स्टेम सेल’ची जाहिरात पाहून कृपया दागिने मोडू नका.

तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर मालिश करत घरी थांबू नका. लगेच सीटी स्कॅन असलेले रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येते. लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली, ते डॉक्टरांना सांगा.