मारिओची कॅसेट आणि कपाटातली लॅब

परवा माळ्यावरून जुना व्हिडिओ गेम खाली काढला. कॅसेटवाला. नव्वदच्या दशकात बीडमध्ये लहान असलेल्यांना वेगळं सांगायला नको. टीव्हीच्या मागं अँटेनाची पिन खुपसायची, चॅनल जुळेपर्यंत बटण फिरवायचं आणि गेम चालला नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची. (खरं तर फुंकरीनं काही होत नव्हतं. कॅसेट काढून परत नीट बसली की पिना जुळायच्या, एवढंच. थुंकीनं उलट त्या गंजायच्या.) 'कॉन्ट्रा' ऐन रंगात आला की लाईट जायची. परळीचं औष्णिक केंद्र आपल्याच जिल्ह्यात, तरी!

स्क्रू खोलून पाहिलं तर आत फारसं काहीच नाही. एक छोटी पट्टी आणि तिच्यावर डांबरासारखा काळा गोळा.

या गोळ्याची गोष्ट मोठी आहे. 1975 साली अमेरिकेत 6502 नावाची चिप आली. किंमत 25 डॉलर, त्या काळात अगदीच स्वस्त. ॲपल-टूमध्ये तीच होती. 1983 साली जपानच्या निन्टेन्डोनं 'फॅमिकॉम' काढला, त्यातही तिचंच थोडं बदललेलं रूप. पुढं तैवान-चीनमधल्या कारखान्यांनी फॅमिकॉमच्या नकला केल्या. आधी सुट्या चिपांच्या, मग सगळं एकाच चिपमध्ये कोंबून वर तो काळा गोळा. आपल्याकडं हेच 'समुराई', 'लिटल मास्टर' अशा नावांनी आलं. खरा निन्टेन्डो आपल्यापैकी कितीजणांनी पाहिला होता? आपण सगळे नकलेवरच वाढलो, आणि मला त्याची बिलकुल लाज वाटत नाही.

आता गंमत बघा. 1984 साली केंद्र सरकारनं शाळांसाठी 'क्लास' नावाची संगणक साक्षरता योजना सुरू केली. त्यात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले. त्याच्या आतही 6502 च! म्हणजे जी चिप सरकार 'शिक्षण' म्हणून वाटत होतं, तीच आपल्या घरी 'टाइमपास' म्हणून आली, आणि तिच्यापायी आपण मार खाल्ला.

फरक एवढाच, की बीबीसी मायक्रोबरोबर जाड पुस्तक यायचं, आत काय आहे ते सांगणारं. आपल्या डब्याबरोबर एक कागद, तोही चिनी. काळा गोळा बिघडला की दुरुस्ती नाही. आमच्या गल्लीतले रेडिओ-टीव्हीवाले मामा कॅपॅसिटर बदलायचे, रिमोटची तुटलेली वायर जोडायचे. पण गोळ्यापाशी आले की हात टेकायचे. "याचा नकाशाच नाही रे बाळा."

नकाशा द्यायचा विचार पुढं दुसरीकडून आला. 2005 साली इटलीतल्या इव्हरिया गावात काही मास्तरांनी विद्यार्थ्यांसाठी 'आर्डुइनो' बोर्ड बनवला आणि त्याचा सगळा आराखडा जगाला खुला केला. कुणीही बघा, बनवा, विका. बाजारातल्या स्वस्त नकला म्हणजे चोरी नव्हे, परवानगीच आहे तशी. त्यातल्या 'उनो' बोर्डाची रॅम 2 केबी. फॅमिकॉमच्या प्रोसेसरलाही 2 केबीच होती. तेवढ्या जागेत जपान्यांनी मारिओ पळवला राव! (चित्र काढायला वेगळी चिप होती, हे कबूल.)

हे आज लिहायचं कारण वेगळं आहे. केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब शाळाशाळांतून आल्या, 2016 पासून. कल्पना उत्तम. पण मी पाहिलेल्या एका शाळेत (नाव घेत नाही) आर्डुइनोचे बोर्ड कपाटात कुलूपबंद. पाकिटंसुद्धा फोडलेली नाहीत. विचारलं तर उत्तर, "लेकरं जाळतील. तपासणीला काय दाखवायचं?" मामांकडं नकाशा नव्हता म्हणून ते थांबले. इथं नकाशा फुकट आहे आणि कुलूप आपणच लावलंय. एखादा बोर्ड जळाला तर जळाला. मामांनी सोल्डरिंग शिकताना किती रेडिओ जाळले असतील!

शाळा समितीवर कुणी असाल तर पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: लॅबची किल्ली कुणाकडं असते आणि यंदा किती बोर्ड जळाले? आकडा शून्य आला तर खोदून विचारा.

आणि हो, कुणाकडं जुना डब्बा टीव्ही चालू असेल तर भंगारात देऊ नका, मला कळवा. बदकं मारायची बंदूक सपाट टीव्हीवर चालत नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. नव्या टीव्हीवर तो चौकोन उशिरा उमटतो, तोवर बदक उडालेलं असतं. लेकरांना दाखवायचंय.