जीवनलक्षण-नोंद, रुग्णालयीन

रुग्णाचे तापमान, नाडी, श्वसन, रक्तदाब व रक्तातील ऑक्सिजन ठरावीक अंतराने मोजून तक्त्यात उतरवण्याचे परिचारिकेचे काम (पहा : परिचर्या). कार्ल वुंडरलिख यांच्या 1868 च्या ग्रंथाने तापमानाच्या आलेखाला प्रतिष्ठा दिली. रिवा-रोची यांचे रक्तदाबमापक 1896 मध्ये आले (पहा : रक्तदाब). निरोगी प्रौढाचे श्वसन मिनिटाला 12–20 असते. ते सहसा घड्याळ पाहून मोजावे लागते. म्हणून अपुऱ्या मनुष्यबळात, विशेषतः रात्रपाळीत, हीच नोंद गळते किंवा अंदाजाने भरली जाते. प्रकृती ढासळण्याची पहिली खूण मात्र अनेकदा तिच्यातच असते. उमरेडसारख्या तालुक्याच्या ठिकाणाहून गंभीर रुग्ण नागपूरला (सु. 45 किमी.) हलवताना तक्त्यातील आकड्यांचाच आधार लागतो. या आकड्यांना गुण देणाऱ्या ब्रिटनच्या 2012 च्या गुणांक पद्धतीत एकूण 7 गुणांपासून तातडीचा वैद्यकीय प्रतिसाद अपेक्षित आहे.