तसबिरीखालचे नाव

पुनावळ्यात नव्या टोलेजंग इमारतींच्या आड जी थोडी जुनी घरे तगून आहेत, तशा घरांच्या भिंतींवर आजेसासू-पणजोबा खुर्चीत ताठ बसलेले, हात मांडीवर आणि नजर स्थिर, असेच आढळावयाचे. या ताठरपणाचे कूळ घराण्याच्या करारी स्वभावात नसून कोलोडियनच्या ओल्या काचेत आहे, कारण तिच्यावर छबी उमटावयास कित्येक सेकंद लागत आणि तोवर डोके हलू नये म्हणून माणसाच्या मागे लोखंडी टेकू उभा करीत.

१८५४ साली पॅरिसच्या दिस्देरीने एकाच काचेवर अनेक लहान छबी घेण्याचे पेटंट मिळविले आणि तसबीर सामान्यांच्या ऐपतीत आली. गुलामगिरीतून सुटलेल्या सोजर्नर ट्रुथ अमेरिकेत हाती विणकाम घेऊन, प्रतिष्ठित गृहिणीच्या थाटात छबी काढवीत आणि त्या विकून चरितार्थ चालवीत. त्याच सुमारास हिंदुस्थान सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड (१८६८–७५) काढून रयतेची जात-जमातवार दप्तरी वर्गवारी मांडली, तेथे मनुष्य हा बहुधा केवळ नमुना.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात तीन विद्यार्थिनींची जी तसबीर निघाली, ती या दोन प्रथांच्या मधोमध बसते. किमोनोतील केई ओकामी, दमास्कसच्या पेहरावातील सबात इस्लांबुली आणि साडी-दागिन्यांतील आनंदीबाई जोशी यांना स्वदेशी वेषांत शेजारी बसविण्यात प्रदर्शनाची हौस होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु आपण हिंदू म्हणूनच जाऊ व हिंदू म्हणूनच परतू, असे आनंदीबाईंनी १८८३ सालीच श्रीरामपूरच्या (बंगालमधील, आपल्या अहिल्यानगरकडील नव्हे) महाविद्यालयात जाहीर केले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे तीच साडी प्रतिज्ञेची खूण ठरते. ती साडीही जशीच्या तशी राहिली नव्हती: तिकडील थंडीत नऊवारीखाली पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून त्यांनी गुजराती धर्तीची नेसण पत्करली होती. धर्माभिमान आणि हवामान यांची ही तडजोड मला त्यांच्या कोणत्याही भाषणाहून अधिक बोलकी वाटते.

या तसबिरीखालच्या मजकुरात त्यांचे स्थळनाम ओळखू न येण्याइतके विपर्यस्त झाले आहे, आणि पदवी १८८६ च्या मार्चमध्ये मिळावयाची असता ‘डॉक्टर’ ही उपाधी आधीच्या छबीखाली बसली आहे. तरीपण सरकारी खंडांत जेथे जात लिहीत, तेथे फिलाडेल्फियात नाव आणि हुद्दा लिहिला गेला.