किरिबास

पॅसिफिक महासागरातल्या या बेटदेशाचं नाव नकाशात आपण ‘किरिबाटी’ वाचतो, पण खरा उच्चार ‘किरिबास’. तिथल्या रोमन वर्णमालेत ‘एस’ नाही; ‘टी’पुढे ‘आय’ आला की ‘स’ होतो. म्हणजे हे ‘गिल्बर्ट्स’ या तिथल्या बेटांच्या इंग्रजी नावाचंच स्थानिक रूप. १७८८मध्ये या बेटांजवळून गेलेल्या थॉमस गिल्बर्ट या इंग्रज कप्तानाचं ते आडनाव. याच नियमाने ‘ख्रिसमस’ बेट ‘किरितिमाती’ असं लिहितात. १७७७च्या नाताळात इंग्रज दर्यावर्दी कुक तिथे पोचला होता.

१९७९मध्ये स्वतंत्र झाल्यावर ‘तुंगारू’ हे जुनं नाव का घेतलं नाही, असा आक्षेप येतो. तो वरवर रास्त वाटतो खरा, पण तुंगारू म्हणजे फक्त गिल्बर्ट बेटांची रांग. देशातली फिनिक्स आणि लाइन बेटं त्यात बसत नाहीत, आणि लाइन बेटांतल्या एकट्या किरितिमातीवरच देशाची जवळपास निम्मी जमीन आहे.