संकेतस्थळ-वाहतूक मापन

संकेतस्थळाच्या वाहतुकीचे मापन माणसे मोजत नाही, यंत्रांच्या खुणा मोजते. ‘हिट’ म्हणजे सर्व्हरकडे आलेली एका फाइलची मागणी. दहा चित्रांचे पान प्रथम उघडताच किमान अकरा हिट नोंदले जातात. वाचकसंख्या म्हणून हा आकडा निरर्थक आहे. ‘पेजव्ह्यू’ पाने मोजतो, म्हणून त्याहून बरा. सर्वांत फसवा शब्द ‘युनिक व्हिजिटर’, कारण तिथे बहुधा ब्राउझरमधील कुकी, म्हणजे संकेतस्थळाने तिथे ठेवलेली छोटी नोंद, मोजली जाते. मोबाइल आणि संगणक दोन्ही वापरणारा एक वाचक दोन ठरतो, तर घरातल्या एकाच संगणकावरचे चौघे एक. सफारी ब्राउझरने २०१९ मध्ये जावास्क्रिप्टने ठेवलेल्या कुकींची मुदत सात दिवसांवर आणली. तेव्हापासून सफारीतून पंधरवड्याने परतलेला जुना वाचकही नवा गणला जाऊ शकतो.

चूक दरमहा सारखीच असेल तर तुलना चालते, हा आक्षेप रास्त आहे. पण व्याख्या स्थिर असेपर्यंतच. गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीत एकच पान पाच मिनिटे वाचून गेलेला वाचक सहसा ‘बाउन्स’, म्हणजे न गुंतता परतलेला, ठरे. २०२३ मध्ये तिची जागा घेणाऱ्या आवृत्तीत दहा सेकंदांहून अधिक सक्रिय राहिलेली भेट बाउन्स नसते. त्यामुळे त्या वर्षीची बाउन्स दरातील घट वाचकांची वाढलेली ओढ मानता येत नाही.